डावा वेढा

चौथ्या मजल्यावरच्या दप्तरखान्यात दिवे लुकलुकतात अशी तक्रार आली होती. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. मी शिडीवर चढलो, छताची एक फळी बाजूला सरकवली, बॅटरी तोंडात धरली आणि धुळीत हात घालून तार खाली ओढली. तारेला एक जुना जोड होता. वरची काळी पट्टी वाळून तिचे पापुद्रे सुटले होते. मी ती सोलून काढली. आत तांब्याचे सात वेढे होते, एकाला एक चिकटलेले, शेवटचं टोक पक्कडीनं दाबून आत वळवलेलं, वरून बोट फिरवलं तरी टोचू नये असं. आणि सगळे वेढे डावे. माझ्या तोंडातली बॅटरी खाली पडली. शिडी धरून उभा असलेला शिपाई म्हणाला की काका, माझं डोकं फुटलं असतं ना आत्ता. दोन बोटांत तो जोड धरून तसाच उभा राहिलो. मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं सत्तावीस वर्षांत वाटलं नव्हतं.

तारेचा जोड ही माणसाची सही असते. हे बाहेरच्यांना पटत नाही; त्यांना वाटतं दोन टोकं पिरगाळली की झालं. पण उजव्या हाताचा माणूस वेढा देतो तो एका अंगानं जातो आणि डावखुऱ्याचा दुसऱ्या अंगानं. एकदा पडलेला वेढा मग बदलत नाही. जोड उलटा धरा, पालथा धरा, या टोकाकडून बघा नाहीतर त्या टोकाकडून, स्क्रूच्या आट्यांसारखा तो आपली दिशा सोडत नाही. फौजेत आमच्या तुकडीत आम्ही अकरा लाइनमन होतो. टेलिफोनच्या तारेची रिळं पाठीवर घेऊन डोंगरातून चालायचं, झाडाला, दगडाला तार बांधत पुढे सरकायचं, आणि ती कुठे तुटली की सगळी लाइन हातातून चाचपत परत तुटल्या जागेपर्यंत यायचं. त्या अकरांत डावखुरा एकच होता. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं, एरवी सगळे त्याला डावऱ्या म्हणायचे. जोडाच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता हे मीसुद्धा मान्य करतो. मला त्याचं कौतुक होतं म्हणूनच पुढे इतका राग आला असावा.

त्या दिवसाबद्दल मी कुणाशी बोललेलो नाही. स्वतःशी मात्र इतक्या वेळा बोललो आहे की त्यातले शब्द झिजून गुळगुळीत झाले आहेत. पुढच्या चौकीवर चार माणसं होती. त्यांच्यातला टेलिफोनवर बसलेला माझा मेहुणा, माझ्या बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा, कान बाहेर आलेले, माझे मोजे न विचारता घालणारा. मी मागे एक्सचेंजवर होतो. दुपारी तीन वाजता हुकूम आला की चौकी सोडा, ताबडतोब मागे या. मी टेलिफोनचं हँडल फिरवलं. लाइन धड असली की त्या हँडलला थोडं वजन लागतं, पलीकडची घंटा जणू हाताला कळते. तार तुटलेली असली की ते हलकं फिरतं. त्या दुपारी ते हलकं फिरलं. मी फिरवत राहिलो. मेजर पाठीशी उभा राहून ओरडत होता आणि मी रिकामं हँडल फिरवत होतो, खांदा भरून येईपर्यंत. मग पळत माणूस पाठवला. तो अर्ध्या वाटेत असतानाच तोफा सुरू झाल्या. चौघांपैकी कुणी परत आलं नाही. आजही रिकामी बादली उचलताना हाताला अचानक हलकं लागलं की मी ती परत खाली ठेवतो.

चौथ्या दिवशी तंबूत चौकशी झाली. टेबलावर जेवणाच्या थाळीत तुटलेल्या जागेचा तारेचा तुकडा ठेवला होता. शेजारी मेजरचा चष्मा आणि शाईची दौत. तो तुकडा मी मनात अजून जसाच्या तसा बघू शकतो. पाच वेढे, सैल पडलेले, एक टोक सुटून वर आलेलं, त्यावर चिखल. आणि पाचही डावे. मी म्हणालो, साहेब, हा माझा हात नाही, हा डावऱ्याचा जोड आहे. मेजरनं तो तुकडा टोकाला धरून उचलला, बघितला न बघितल्यासारखा केला आणि म्हणाला की तार म्हणजे तार. तरी डावऱ्याला आत बोलावलं. त्यानं थाळीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, मग म्हणाला, "माझा नाही." एवढंच. माझ्याकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. मेजरनं विचारलं की त्या पट्ट्यातली लाइन कुणाच्या ताब्यात होती. ती माझ्या ताब्यात होती. मेजरनं चष्मा लावला आणि माझ्या कागदावर लिहिलं, कामात अक्षम्य निष्काळजीपणा. पुढच्या महिन्यात मला घरी पाठवलं. अंगावरचा गणवेश उतरवून घेताना स्टोअरच्या माणसानं पट्ट्याचं बक्कल दोनदा तपासून बघितलं, जणू तेही माझ्या हातून बिघडलं असेल.

मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा बायको आतून आली. तिच्या भावाला जाऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. मला वाटलं होतं ती किंचाळेल, छाती बडवून घेईल, माझ्या तोंडावर दार लावून घेईल. मी सगळ्याची तयारी करून आलो होतो. गाडीत बसून उत्तरंसुद्धा जुळवली होती. तिनं माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली की पाणी गरम आहे, हातपाय धुऊन घ्या. बस. तो विषय तिथे मिटला आणि पुन्हा कधी निघाला नाही. आता कुणी म्हणेल, चांगलं झालं की. चांगलं झालं असं म्हणणाऱ्यानं एक आठवडा त्या घरात राहून दाखवावं. शेजारच्या घरात भांडणं व्हायची, भांडी आपटायची, नवराबायको एकमेकांची सात पिढ्यांची उणीदुणी काढायची आणि संध्याकाळी गॅलरीत शेजारी शेजारी उभी असायची. माझी बायको माझ्याशी एकदाही भांडली नाही. मी उशिरा आलो तरी नाही, पगार कमी झाला तरी नाही. मी मुद्दाम चहाचा कप फोडला तरी नाही. तिनं काचा गोळा केल्या आणि पायात चप्पल घाला म्हणाली. ती मला भांडायच्यासुद्धा लायकीचा समजत नव्हती. पाहुण्याशी वागावं तसं वागायची, अहो, जरा, बरं का. त्या अहोनं माझ्या डोक्यात तिडीक जायची. तू मारलंस माझ्या भावाला, असं तिनं एकदा जरी म्हटलं असतं तरी मी डावऱ्याचं नाव घेतलं असतं, सगळं ओकून टाकलं असतं. पण तिनं विचारलं नाही. आणि न विचारता आपण होऊन सांगायचं म्हणजे दुसऱ्यावर ढकलणं. ते माझ्यानं झालं नाही. मीही हट्टाला पेटलो होतो.

एकदा तिची आत्या आली होती. चहा पिता पिता म्हणाली की एक तार धड जोडता येऊ नये म्हणजे काय बाई. मी समोरच बसलो होतो. बायको उठली, माझ्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली की साखर संपलीय, घेऊन येता का. साखर संपलेली नव्हती, मला डबा दिसत होता. मी गेलो. परत आलो तेव्हा आत्या तोंड पाडून चपला घालत होती, आणि त्यानंतर ती आमच्या घरी कधीच आली नाही. माझ्या देखत तमाशा नको म्हणून मला बाहेर काढलं आणि माझ्या मागे दोघी माझ्यावरून रडल्या असतील, हे मी ओळखलं. सासू शेवटची दोन वर्षं आमच्याकडेच होती. जायच्या आधी चार दिवस तिनं मला जवळ बोलावलं, माझे दोन्ही हात धरून स्वतःच्या डोळ्यांना लावले आणि रडायला लागली. मी हात सोडवून घेतले. मला ती माफी नको होती. जे मी केलंच नाही त्याची माफी माणसानं किती वर्षं घ्यायची? बायको दारात उभी राहून हे बघत होती आणि तिनं पदराआड तोंड लपवलं. त्या संध्याकाळी मी एकटाच गावभर फिरत होतो आणि डावऱ्याला शिव्या घालत होतो, मोठ्यानं, लोक वळून बघत होते.

सत्तावीस वर्षं मी माणसांचे हात बघत आलोय. कारखान्यात वायरमन म्हणून वीस वर्षं काढली, तिथे नवीन माणूस आला की मी आधी तो हजेरीवर सही कुठल्या हातानं करतो ते बघायचो. टपाल कचेरीतला एक कारकून शिक्का डाव्या हातानं मारायचा. मी दुसऱ्या रांगेत जायचो, ती कितीही मोठी असली तरी. मागच्या वर्षी नात सुट्टीला आली होती, पाच वर्षांची, जमिनीवर पडून घर काढत होती, डाव्या हातानं. मी तिच्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात दिली. तिनं परत डावीकडे घेतली. मी परत काढली, जरा जोरात. पोरगी रडायला लागली. मुलीनं येऊन पेन्सिल उचलली, तिच्या डाव्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्या लाजेचंही बिल मी डावऱ्याच्याच नावावर फाडलं. माझ्या घरात जे जे वाकडं झालं ते सगळं त्याच्या नावावर होतं. तो मेला असेल अशी भीती मला वाटायची. वर्तमानपत्रात कुणा माजी सैनिकाची दोन ओळींची बातमी आली की मी आधी वय बघायचो. त्याचा जीव मला नको होता. मला त्याचं तोंड हवं होतं. त्याला बखोट धरून माझ्या घरी आणायचं, बायकोसमोर उभं करायचं आणि त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं की जोड माझा होता. मग त्यानं कुठेही जावं.

तर तो जोड. मी तो दोन्ही बाजूंनी कापून रुमालात गुंडाळला आणि खिशात टाकला. तिथे माझा नवीन जोड केला, उजवा, व्यवस्थित. तो नीट आला याचं मला समाधान वाटलं. मग शिडीवरून उतरलो. दप्तरखान्यात एक म्हातारा हेडक्लार्क आहे, त्याला या इमारतीची जन्मपत्रिका पाठ आहे. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं की या मजल्याचं दिव्यांचं काम कुणी केलं होतं. तो म्हणाला, बारा वर्षं झाली, एक जाडा ठेकेदार होता, गप्पिष्ट, आता जुन्या पुलापलीकडे पंख्यांच्या मोटारी गुंडाळायचं दुकान आहे त्याचं. मी म्हणालो, डावखुरा होता का. क्लार्क विचारात पडला. म्हणाला, कप डाव्या हातात धरायचा खरा, का हो, काम वाईट झालंय का? मी म्हणालो, नाही, काम उत्तम आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि निघालो. पुलावरून चालताना मी एकोणतीस वर्षांचा होतो. गुडघे दुखत नव्हते.

दुकान अरुंद होतं. दारापाशी पंख्यांची पाती, उघड्या पडलेल्या मोटारी, लाखेचा वास. आत एक जाडा माणूस चष्मा कपाळावर चढवून तांब्याची तार गुंडाळत बसला होता. डाव्या हातानं. मी कितीतरी वेळ नुसता तो हात बघत उभा राहिलो. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, काय आणलंय, मिक्सर? मग त्याचा हात थांबला. चष्मा खाली आला. त्यानं मला नावानं हाक मारली नाही, एक स्टूल पायानं पुढे सरकवलं आणि "बस," म्हणाला. मी बसलो नाही. खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि जोड त्याच्या पुढ्यात ठेवला.

"हा कुणाचा?"

त्यानं तो हातात घेऊन उजेडाकडे धरला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क आनंद पसरला. "माझा. कुठून काढलास? चांगला होता की रे. सात वेढे. आयुष्यात कधी सहा दिले नाहीत मी."

"आणि तो? थाळीतला?"

त्याचा चेहरा उतरला. बाहेर कुणीतरी पंखा विचारायला आलं होतं, त्याला त्यानं हातानंच उद्या ये म्हणून सांगितलं. मग तार बाजूला ठेवून म्हणाला, "तू बघितला होतास ना तो? किती वेढे होते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तर माझ्यापाशी तयार होतं. सत्तावीस वर्षं ते माझ्यापाशी होतं. मी रोज तो तुकडा डोळ्यांपुढे आणत होतो, त्यावरचा चिखलसुद्धा विसरलो नव्हतो. "पाच," मी म्हणालो.

"मग?" तो म्हणाला.

मला तेव्हाच कळलं. कळलं पण मी कळू दिलं नाही. तो बोलत राहिला, आवाज न चढवता, एखाद्या बिघडलेल्या मोटारीत काय झालंय ते गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसं. म्हणाला, तुझ्या मेहुण्याचा जोड होता तो. तूच तर त्याला माझ्या हाताखाली दिलास. घरच्या माणसाला घरच्यानं शिकवू नये, लाड होतात, असं म्हणाला होतास. पोरगा माझ्यासमोर बसून शिकला. माझे वेढे जसे दिसायचे तसे तो द्यायचा, पण त्याचा हात उजवा. उजव्या हातानं डावा वेढा द्यायला गेलं की मनगट अडतं, शेवटचे दोन आवळता येत नाहीत. मी शंभरदा सांगितलं, बाबा, तू उलटीकडून दे. तो म्हणायचा, दिसतो तर तुमच्यासारखाच. पाचावर सोडायचा आणि वरून पट्टी गुंडाळायचा.

"तंबूत का नाही बोललास हे?" मी विचारलं.

"मेलेल्या पोराचं नाव मी घेऊ? तुझ्या तोंडावर?" तो म्हणाला. "म्हटलं, तुझ्या घरचं माणूस. घ्यायचं तर तू घेशील. तर तू माझं घेतलंस." मग तो थोडा हसला. म्हणाला की दोनतीन वर्षं मला तुझा इतका राग होता, इतका होता, की रस्त्यात भेटला असतास तर दात पाडले असते. मग लग्न झालं, दुकान टाकलं, राहून गेलं. चहा घेणार ना?

राहून गेलं. एवढंच त्याला झालं होतं. मी त्याचा चहा घेतला नाही. त्याचा जोडही तिथेच टाकून निघालो. पुलावर आलो तेव्हा पाय ओढत होतो. मला वाटलं होतं, खरं कळलं की सुटल्यासारखं वाटेल. वाटलं ते असं, की वीस वर्षं रोज सकाळी सातला हजर व्हायचं आणि एके दिवशी फाटकावरच पहारेकऱ्यानं सांगावं, कारखाना बंद झाला, घरी जा. तशा सकाळी मी डबा घेऊन फाटकाबाहेर उभा राहिलेला आहे, म्हणून मला ते माहीत आहे. राग तर तसाच होता, तेवढाच, आणि तो नेऊन ठेवायला जागा नव्हती. बसमध्ये खिडकीशी बसून मी मेहुण्यावर रागवायचा प्रयत्न केला. जमेना. त्याचे बाहेर आलेले कान दिसायचे. एक्सचेंजवरून मी सहज घंटा वाजवली की तिकडून म्हणायचा, दाजी, इथे सगळं ठीक, फक्त तुमचे मोजे ओले झालेत. मेजर केव्हाच मेला. स्वतःवर रागवावं तर पोरगा डावऱ्याच्या हाताखाली मीच दिला होता. पण ते मनात येताच मी ते ढकलून दिलं, इतक्या चपळाईनं की मला माझंच नवल वाटलं. आणि मग चौथ्या थांब्यापाशी बायको आठवली, आणि राग तिच्यापाशी जाऊन गप्प बसला, जसं काही त्याला पहिल्यापासून तिथेच जायचं होतं.

तिच्या भावाची चूक. तिच्या. आणि माझ्याच घरात, मी आणलेलं अन्न खाऊन, ती सत्तावीस वर्षं माझ्याशी पाहुण्यासारखी वागली. आत्याला घेऊन माझ्या मागे रडली. आईला पुढे करून मला माफी देववली. मला त्या खिडकीशी बसल्या बसल्या तिचे एकेक अहो आठवायला लागले आणि प्रत्येकाला उत्तर सापडत गेलं. मनात दुसरा एक आवाज होता, नव्हता असं नाही. ती छप्पन्न वर्षांची आहे, तिचं ब्लडप्रेशर वाढतं, भाऊ एकच होता, आता हे सांगून काय मिळवणार तू? मिळवणार काय म्हणजे? तिचा चेहरा मिळवणार. तो चेहरा एकदा, अर्धं मिनिट का होईना, खाली गेलेला मला बघायचा होता. तेवढं माझं येणं आहे असं मला वाटत होतं. मी एक थांबा आधीच उतरलो. चालत चालत वाक्य जुळवलं, लांबलचक वाक्यं सगळी टाकून दिली आणि एकच ठेवलं. जिन्यात ते दोनदा ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ कुलूप लावत होते, त्यांनी विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हणालो, छान वाटतंय.

बायको खोलीत जमिनीवर बसून चादर शिवत होती. चादर मधोमध विरली की ती तिचे दोन उभे भाग करते, कडा मध्ये घेते आणि विरलेला भाग बाजूंना टाकते. आणखी चार वर्षं निघतात. खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता. आज लवकर कसे, असं तिनं विचारलं. मी बूट न काढता खुर्चीवर बसलो. बुटांकडे तिनं बघितलं.

"तो जोड तुझ्या भावानं केला होता," मी म्हणालो.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिनं घातलेला टाका पुरा केला, सुई चादरीत खोचून ठेवली आणि मांडीवरचे दोरे झटकले. मग म्हणाली, "हो."

"हो काय?"

"ठाऊक आहे मला." ती हळू बोलत होती, शोधून शोधून, कारण हे शब्द तिनं कधी वापरलेच नव्हते. "तो गेल्याची तार आली, त्यानंतर सहाव्या दिवशी त्याचं पत्र आलं. आधी टाकलेलं. त्यात होतं की आज एकट्यानंच जाऊन लाइन जोडली, जोड काही मनासारखा झाला नाही, पण दाजींना सांगितलं नाही, रागावतील. मी ते आईला वाचून दाखवलं आणि जाळून टाकलं. आणि मग तुम्ही आलात, सगळं अंगावर घेऊन. त्याचं नाव घेतलं नाहीत. दारात उभे होतात, मान खाली घालून, आणि मी तेव्हाच ठरवलं की ह्या माणसाला जन्मात कधी ते बोलायला लावायचं नाही. आईकडूनही शपथ घेतली. आत्या त्या दिवशी वाटेल ते बोलली तर तिला सांगितलं, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

ती थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कधीतरी बघितलं होतं, आणि आता इतक्या वर्षांनी मला ते ओळखायलाच वेळ लागला. ती लाजली होती. "कधी ना कधी तुम्ही आपण होऊन बोलाल असं वाटायचं मला," ती म्हणाली. "आजच का बोलावंसं वाटलं?"

मी गप्प राहू शकलो असतो. असंच, मन भरून आलं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती उठून जवळ आली असती. तेवढा वेळ माझ्यापाशी होता, एक श्वासभर. पण माझ्या मनात त्या श्वासात दुसरंच चाललं होतं. ती ज्याला सत्तावीस वर्षं अहो म्हणत होती, ज्याच्यासाठी तिनं आत्या तोडली, ज्याचे हात सासूनं डोळ्यांना लावले, तो तिच्या मनातला माणूस मला दिसत होता. तो माझ्याच घरात राहत होता, माझ्याच कपात चहा पीत होता, आणि मी उपाशी होतो. त्याचा मला जेवढा राग आला तेवढा डावऱ्याचाही कधी आला नव्हता. त्यानं क्षणभरही आणखी जगू नये असं मला वाटलं.

"मी काही अंगावर घेतलं नव्हतं," मी म्हणालो. "मी डावऱ्याचं नाव घेतलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. तुझ्या भावाचं मला आज कळलं, दुपारी."

ती माझ्याकडे बघत राहिली. नीट, चेहऱ्यावरून बुटांपर्यंत आणि परत वर, दारात कुणी अनोळखी माणूस आला की आपण बघतो तसं. मग तिनं सुई काढली. दोरा निसटला होता. तिनं तो उजेडाकडे धरून ओवायचा प्रयत्न केला, एकदा, दोनदा. तो जात नव्हता. मी हात पुढे केला की दे, मी ओवतो. तिनं सुई दिली नाही. चादर गोळा केली, उठली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन खिडकीकडे तोंड करून बसली.

मी हाक मारली. मग पुन्हा मारली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी गप्प झाली होती.